स्प्रिंगच्या नावावर

पडद्यावर तीन खांब उभे राहिले. एक लाल, एक निळा, आणि तिसरा आहे की नाही हे बघायला काकांना चष्मा पुसावा लागला.

लाल खांब स्प्रिंगचा. तो पडद्याच्या वरच्या कडेला डोकं टेकवून उभा होता. निळा वकीलबाईचा, लालच्या कमरेइतका. तिसरा काकांचा. त्याला खांब म्हणणं ही थट्टाच होती. भिंतीवर डास चिरडल्यावर जेवढा डाग राहतो, तेवढा तो होता, नुसती शून्याची खूण.

"हे या गटाचं वर्षभराचं काम," विभागप्रमुख म्हणाले. "कुणी किती केलं ते मशीनने स्वतः मोजलंय. उद्या कंपनीच्या बाई येतील, त्या हाच पडदा बघतील. एका गटातून एकालाच नोकरीला घेणार आहेत, हे तुम्हाला माहीत आहे." मग त्यांनी काकांकडे बघितलं आणि आवाज मऊ केला. "काका, तुमच्यावर यंदा काय प्रसंग आला ते आम्ही सगळे जाणतो. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही."

वर्गातली पोरं माना खाली घालून बसली. ही दया काकांना त्या डागापेक्षा जास्त झोंबली.

"म्हणणार काय? मी काम केलंय, सर." ते उभे राहिले.

"हो, हो. बसा तुम्ही."

"बसतो कशाला? वर्षभर बसलोच होतो. त्या कोपऱ्यातल्या मशीनवर. खुर्चीला विचारा, माझा आकार आलाय तिला."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. काकांनी शेजारी बघितलं. शेजारी स्प्रिंग बसला होता. या पोराचा उजवा पाय जन्मात कधी स्थिर राहिला नव्हता. बाकाखाली सतत उडत असायचा, म्हणून तर वर्गाने त्याला स्प्रिंग नाव दिलं होतं. आत्ताही पाय उडत होता. तोंड मात्र बंद होतं आणि नजर बाकावर.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काका हे वर्गाने दिलेलं नाव. तंत्रनिकेतनाच्या संगणक शाखेत शेवटच्या वर्षाला असलेला हा माणूस बाकीच्यांच्या बापाच्या वयाचा होता. उभं आयुष्य छापखान्यात गेलं. मग छापखान्याच्या मालकाने जुनी मशीनं भंगारात काढली आणि त्यांच्यासोबत ती चालवणारी माणसंही. काका घरात बसून भिंती मोजायला लागले. बायको शिवणकाम करायची. तिने चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी शिलाईमशीन थांबवून म्हणाली, "तुमचं मशीन गेलं, हात गेलेत का? दुसरं मशीन शिका. मी नाही का पायाचं सोडून मोटरचं शिकले?" प्रवेशाच्या रांगेत तीच त्यांना ढकलत घेऊन गेली. रांगेतल्या पोरींनी विचारलं, "काकू, तुमचा मुलगा कुठे आहे?" तेव्हा ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा काय. जरा लवकर पिकलाय."

शेवटच्या वर्षाच्या मध्यावर ती गेली. पोटात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यातून ती उठली नाही.

प्रकल्प तिच्यावरूनच सुचला होता. कापड बेतायचा प्रोग्राम. शिंप्याने कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, आणि कपड्याची मापं घालायची. मग पाठ, पुढा, बाही, कॉलर असे सगळे भाग त्या कापडावर कमीत कमी चिंधी उरेल असे कसे मांडायचे, ते प्रोग्रामने चित्र काढून दाखवायचं. काकांनी गटात हे सुचवलं तेव्हा वकीलबाई, म्हणजे प्रत्येक गोष्टीवर उलटतपासणी घेणारी गटातली एकुलती एक पोरगी, म्हणाली होती, "काका, हे कुणाच्याही डोक्यात आलं नसतं." आणि आता तोच प्रोग्राम पडद्यावर लाल होऊन स्प्रिंगच्या नावाने उभा होता.

"सर, मला एक विचारायचंय," वकीलबाई उठली. "मशीनने मोजलं म्हणजे नेमकं काय मोजलं?"

विभागप्रमुखांनी उसासा सोडला. तिच्या प्रश्नांची त्यांना सवय होती. "प्रत्येक वेळी तुम्ही काम कमिट करता, म्हणजे सामायिक साठ्यात टाकता. तेव्हा त्याच्यावर तुमचं नाव आणि तारीख पडते. त्याची बेरीज. संगणकाला खोटं बोलायचं काही कारण नाही."

"खोटं नाही बोलणार. पण त्याला खोटं सांगितलेलं असेल तर? मी माझ्या लॅपटॉपवर काम करते. हे दोघं कोपऱ्यातल्या एकाच मशीनवर करतात. काका, या इकडे. एक ओळ लिहा. काहीही. आणि कमिट करा."

सगळा वर्ग मान वळवून बघायला लागला. काका कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसले. एक ओळ खाडखाड लिहिली आणि साठ्यात टाकली. वकीलबाईने तीच ओळ पडद्यावर आणली. खाली बारीक राखाडी अक्षरात नाव आलं. स्प्रिंगचं.

आता वर्ग मोकळेपणाने हसला. हसण्यासारखंच होतं म्हणा. वर्षाच्या सुरुवातीला गटाला मशीन मिळालं, त्या दिवशी ते लावलं स्प्रिंगने. मशीनने विचारलं, नाव काय? त्याने स्वतःचं टाकलं. त्यानंतर मशीनने पुन्हा कधी विचारलं नाही. खुर्चीत कोण बसलंय हे त्याला काय दिसतं? काकांनी घाम गाळून लिहिलेली ओळ न् ओळ ते इमानेइतबारे स्प्रिंगच्या खात्यावर जमा करत राहिलं. आणि काकांनी त्या राखाडी अक्षरांकडे वर्षभरात एकदाही बघितलं नाही. ज्या माणसाने हयातभर दुसऱ्यांची नावं सुबक अक्षरात छापली, त्याला स्वतःचं नाव तपासायचं सुचलं नाही.

"असं आहे तर," विभागप्रमुखांनी चष्मा वर सरकवला. "बदलता येईल. त्या मशीनवरचं सगळंच्या सगळं काम स्प्रिंगच्या नावावरून काढून काकांच्या नावावर करायचं असेल, तर एका आज्ञेत होतं."

"करा," काका म्हणाले.

"मग याने केलेलं काम?" वकीलबाई म्हणाली. पोरीला न्याय दिसला की पक्ष दिसत नाही.

"नाहीतर एकेक कमिट निवडून नाव बदलावं लागेल. कुणाचं कुठलं, हे त्या दोघांशिवाय कोण सांगणार? बसा दोघं आज दुपारी. लॅब उघडी ठेवतो. उद्या सकाळच्या आत वाटणी करा, आणि भांडण मात्र माझ्यापर्यंत आणू नका."

वर्ग सुटला. काकांनी स्प्रिंगला जिन्यात गाठलं.

"तुला माहीत होतं."

स्प्रिंगने पायरीकडे बघितलं.

"मी भिंतीशी बोलतोय का? कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या चाचणीनंतर कळलं. एकदा मागचं काम शोधत होतो तेव्हा दिसलं."

"आणि?"

"सांगणारच होतो काका. म्हटलं आज सांगू, उद्या सांगू. मग काकू आजारी पडल्या. मग म्हटलं, आता कुठे तुमच्या डोक्याला आणखी ताप..."

"माझ्या बायकोच्या पदराआड लपू नकोस! आज काय झालं होतं? पडद्यावर खांब उभा राहिला तेव्हा? तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

स्प्रिंगने जिन्याचा कठडा नखाने खरवडला. मग एकदम म्हणाला, "मला नोकरी पाहिजे, काका. घरी सगळे माझ्याकडे डोळे लावून बसलेत."

"मग मी काय इथे हवापालट करायला आलोय? तुझे केस पांढरे व्हायचे आहेत रे. एक नाही तर दुसरी मिळेल. मला या वयात कोण दारात उभं करणार आहे? आणि ज्या कामावर ती मिळायची, ते काम माझ्या घरातून आलंय. माझ्या घरातून!"

शेवटचे शब्द इतके मोठ्याने गेले की खालच्या मजल्यावरचा शिपाई वर बघायला लागला. "काय काका, पोराला खाता की काय?" तो म्हणाला.

"खाल्ला असता. पचायचा नाही," काका म्हणाले.

दुपारी दोघं कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसले. दोन खुर्च्या, मध्ये वीतभर अंतर, आणि दोघांच्या मध्ये जणू विस्तव. भाऊ वेगळे होताना घरातली भांडी समोर मांडून बसतात, तसं वर्षभराचं काम पडद्यावर मांडलेलं. स्प्रिंग एकेक तुकडा उघडायचा आणि दोघांपैकी एकाने म्हणायचं, माझं.

"मापं घेण्याचा फॉर्म."

"माझा," काका म्हणाले.

"रंग मी बदलला होता."

"तो भयाण पिवळा? तो घे. सोन्याच्या ताटात घे."

"कापडाचा पन्हा मोजायचा भाग."

"माझा."

"त्यातली चूक मी काढली."

"चूक तुझी, म्हणजे काढलेली तुझी. पन्हा माझा."

असं चाललं होतं. सुरुवातीला प्रत्येक तुकड्यावर वाजत होतं. मग हळूहळू कमी झालं, कारण काम खरंच एकमेकांत गुंतलेलं होतं आणि दोघांनाही ते आठवत होतं. एका ठिकाणी स्प्रिंगने काकांची पन्नास ओळींची वळणं घेत गेलेली मांडणी चार ओळींत बसवली होती, काका नाक फुगवून म्हणाले, "तुझं." एका ठिकाणी स्प्रिंगने शर्टाला तीन बाह्या लावून ठेवल्या होत्या आणि काकांनी ती तिसरी कापली होती, स्प्रिंग म्हणाला, "तुमचं," आणि हसू दाबलं. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की ते हसू तिथेच मेलं. काका मनात म्हणत होते, हसायला काय झालं? मी अजून तुझ्याशी बोलत नाहीये. मी फक्त वाटणी करतोय.

कारण खरा तुकडा अजून पुढेच होता.

तो तुकडा म्हणजे प्रोग्रामचा जीव. कापडावर भाग मांडताना ते फिरवता आले तर कापड वाचतं. पण मनाला येईल तसे फिरवले तर कपडा वाया जातो. या एका जागी काका महिनोन् महिने अडकले होते. प्रोग्राम कापड वाचवायच्या नादात बाह्या आडव्या, पाठ तिरपी, कॉलर कुठल्या कुठे टाकायचा. दिसायला चित्र छान, आणि शिवायला घेतलं तर तो सदरा बुजगावण्यालाही झाला नसता. मग बायको आजारी पडली, आणि त्या सगळ्या धबडग्यात कधीतरी ते जमलं. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत आणि ती गेल्यानंतरच्या महिन्यात काका काय जेवले, कुठे झोपले, काहीच त्यांना आठवत नव्हतं. पण एक दिवस येऊन मशीन चालू केलं आणि बाह्या सरळ पडल्या, हे आठवत होतं. दुःखात माणूस काहीबाही करून जातो आणि त्याला पत्ता नसतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. त्या काळात हीच एक गोष्ट हाताला धड लागली होती. उद्या कंपनीच्या बाई विचारणार त्या याच तुकड्याबद्दल, आणि जागाही याच्यावरच मिळणार, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं.

"भाग फिरवायचा," स्प्रिंग म्हणाला.

"माझा."

स्प्रिंगने कळीवर बोट ठेवलं. "बरं. तुमचा."

आणि काकांना काहीतरी खटकलं. आधी कळेना काय. मग कळलं. टेबलाखाली काहीच हलत नव्हतं. वर्षभर शेजारी बसून ज्या हादऱ्याची सवय झाली होती, तो हादरा बंद होता.

"पाय का थांबला?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे काय? खाली. तुझा पाय परीक्षेत थांबला नाही, आजारात थांबला नाही. आत्ता का थांबला?"

"काही नाही, काका. तुमचं काम आहे, तुमच्या नावावर टाकतो. संपलं."

काकांनी त्याचा हात बाजूला सारला आणि पडद्याजवळ तोंड नेलं. राखाडी अक्षरं. नाव, आणि नावाशेजारी तारीख.

ती तारीख वाचायला त्यांना चष्मा पुसावा लागला नाही. आयुष्यातल्या बाकी तारखा विसरल्या तरी चालतील, ती विसरणार नव्हती. त्या दिवशी तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं होतं आणि काका बाहेरच्या बाकावर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसून होते. त्या दिवशी त्यांनी मशीनला काय, पाण्याच्या पेल्यालाही हात लावला नव्हता.

"हे मी नाही केलं," काका म्हणाले.

स्प्रिंगने खुर्ची जरा मागे सरकवली.

"मी इथे नव्हतोच."

"असू दे ना, काका. कुणाला कळणार आहे? तुमच्याच नावावर टाकतो. उद्या तुम्ही बोला त्यांच्याशी. कसं चालतं ते मी समजावतो तुम्हाला आत्ता. तुमची कल्पना होती, तुमचं..."

"भीक घालतोस?"

"तसं नाही..."

"मग कसं? सकाळी माझं सगळं गिळून बसला होतास, तेव्हा लाज नव्हती. आता दुपारी दानशूर झालास? माझं चोरलंस ते एक. आता मला चोर करतोस?" काकांनी टेबलावर मूठ आपटली. कीबोर्ड उडाला. "आणि आधी हे सांग, तुला हे आलं कुठून? तुला कापडातलं काय कळतं रे? सदऱ्याचं बटण तुटलं तर स्टेपलर मारून फिरतोस तू! उभा धागा कुठला, आडवा कुठला, हे तुला कुणी सांगितलं?"

"काकूंनी," स्प्रिंग म्हणाला.

काकांनी टेबलावरची मूठ सोडली.

"आदल्या दिवशी मी दवाखान्यात आलो होतो. तुम्हाला विचारायला, की या भागाचं काय करायचं, मुदत जवळ आली होती. तुम्ही औषधं आणायला गेला होता. काकू एकट्या होत्या. म्हणाल्या, तूच ना तो स्प्रिंग? बस, पण पलंगाला पाय लावू नकोस, माझे टाके नसताना उसवतील." स्प्रिंगच्या तोंडावर क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं. "मी सांगितलं, बाह्या आडव्या पडतात. तर त्यांनी शेजारच्या पलंगावरून वर्तमानपत्र मागून घेतलं. हाताने फाडूनच भाग केले. कात्री नव्हती. चादरीवर मांडले. म्हणाल्या, चादरीचा धागा बघ. उभा धागा माणसाच्या उंचीत गेला पाहिजे. भाग खालचा वर फिरवलास तर चालेल, पण आडवा टाकलास तर कपडा अंगावर लोंबणार. आणि फुलांचं कापड असेल तर खालचा वरही नाही करायचा, नाहीतर अर्धी फुलं डोक्यावर उभी राहतील. मग मला मांडायला लावलं. मी चुकलो की हातावर चापट. एवढंच होतं, काका. उभा धागा धरून ठेवायचा, बाकी फिरवायचं. दुसऱ्या दिवशी इथे येऊन मी ते लिहिलं."

काकांनी उडालेला कीबोर्ड सरळ केला.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनीच नको सांगितलं. म्हणाल्या, त्यांना वाटू दे त्यांनाच जमलं. ते उठून विचारायला येत नाहीत, आणि मी सांगायला गेले की चिडतात."

"मी चिडतो?" काका ओरडले.

स्प्रिंगने यावर तोंड उघडलं नाही, तेवढी अक्कल त्याला होती.

काका उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. राग मावत नव्हता. आता तर तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं. या पोराने त्यांचं वर्षभराचं काम दाबलं होतं, तो राग होताच. पण त्याहून मोठा राग वेगळाच होता. तिची शेवटची धड दुपार या पोराला मिळाली होती. हसली, बोलली, कागद फाडले, चापट्या मारल्या, आणि तेव्हा नवरा औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभा होता. परत आल्यावर ती दमून झोपलेली. ते पायाशी बसून राहिले. तिनेही काही सांगितलं नाही. सांगायला मग वेळच उरला नाही.

ते खुर्चीत बसले. माउस ओढून घेतला आणि त्या तुकड्यावर स्वतःच्या हाताने स्प्रिंगचं नाव कायम केलं.

"काका, नका. जागा जाईल तुमची."

"तोंड बंद ठेव. ते तुला चांगलं जमतं." ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "आता नीट ऐक. तिने गप्प राहायला सांगितलं आणि तू गप्प राहिलास, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आज वर्गात गप्प राहिलास ते तुझं स्वतःचं. ते मी विसरणार नाही. पुढचा तुकडा उघड."

संध्याकाळी घरी आल्यावर काकांनी मुलीला विचारलं. मुलगी कोपऱ्यातल्या झाकलेल्या शिलाईमशीनवर पुस्तकं ठेवून अभ्यास करत होती.

"आईच्या पलंगावर कागदाचे तुकडे होते का गं? दवाखान्यात? आदल्या दिवशी?"

तिने जरा आठवलं. "होते की. वर्तमानपत्राचे कपटे. मी गोळा करून केराच्या डब्यात टाकले."

"टाकलेस?"

"मग काय करायचं होतं? कचरा होता, बाबा."

"कचरा!" काका गरजले. "विचारायचं नाही का आधी? या घरात कुणी कुणाला काही विचारतच नाही!"

मुलीने पुस्तक मिटलं. मग शांतपणे म्हणाली, "माझ्यावर कशाला ओरडता? मी काय केलंय?" त्यांनी तिच्या पुस्तकांचा गठ्ठा उचलून टेबलावर ठेवला आणि शिलाईमशीनचं झाकण पुसायला लागले. पुसून झालं तरी पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर खांब पुन्हा उभे राहिले. काकांचा आता चांगला उंच झाला होता. स्प्रिंगचा त्याच्याहून किंचित बुटका. कंपनीच्या बाईंनी उंची बघितली आणि मान हलवली. मग प्रोग्राम चालवायला सांगितला. फुलांचं कापड निवडलं. भाग पडद्यावर सरकले, फिरले, आपापल्या जागी बसले. एकही फूल डोक्यावर उभं राहिलं नाही.

"हा फिरवायचा भाग कुणाचा?" बाईंनी विचारलं.

स्प्रिंगने काकांकडे बघितलं.

"त्याचा," काका म्हणाले. असे म्हणाले की जणू तक्रार करताहेत.

बाई स्प्रिंगशी बराच वेळ बोलल्या. तो उभा धागा, आडवा धागा सांगत होता, टेबलावर हाताने मांडून दाखवत होता. काकांनाही त्यांनी विचारलं, मापांबद्दल, पन्ह्याबद्दल. काकांनी विचारलं तेवढं सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचं काम फार नेटकं आहे. पण आम्हाला एकच जागा भरायची आहे." पुढचं काय ते सगळ्यांना कळलं. विभागप्रमुखांनी स्प्रिंगचा हात हातात घेतला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वकीलबाईने वाजवल्या नाहीत, ती काकांच्या शेजारी येऊन उभी राहिली. "काका, तुम्ही दावा सोडलात," ती हळूच म्हणाली.

"माझा होता तेवढा घेतला," काका म्हणाले, आणि तिथून निघाले. कोपऱ्यातल्या मशीनवर जाऊन त्यांनी स्प्रिंगचं नाव काढलं आणि स्वतःचं टाकलं. जून महिन्यापासून या मशीनवर दुसराच कुणी बसणार होता. तरी टाकलं.

स्प्रिंग मागे येऊन उभा होता. "काका, तिथे दुसरी जागा निघाली की मी लगेच..."

"मला तुझी शिफारस नको. माझी मी शोधीन." काका उठले, पिशवी खांद्याला लावली. "चल."

"कुठे?"

"कॅन्टीनला. ती दुपार सांग."

"काल सांगितली की, काका."

"काल तू प्रोग्रामपुरती सांगितलीस. मला सगळी पाहिजे. तू दारातून आत आलास तिथपासून. उशी कशी होती, खिडकी उघडी होती की बंद, कागद फाडताना ती काय म्हणत होती. तुझ्याजवळ माझं अजून पुष्कळ आहे, ते ठेवून तू त्या कंपनीत जायचं नाहीस."

कॅन्टीनच्या कोपऱ्यात दोघं समोरासमोर बसले. चहा आला. स्प्रिंगने घसा साफ केला.

"मी आलो तेव्हा काकू झोपल्या होत्या..."

"झोपली असती तर तुझ्याशी बोलली कशी? नीट सांग."

"म्हणजे डोळे मिटून पडल्या होत्या. मी स्टूल ओढलं. त्याचा आवाज झाला."

"कुठल्या बाजूला ओढलंस?"

"डाव्या. नाही... उजव्या. खिडकीकडे."

"आठव!" काका टेबलावर हात आपटून म्हणाले. कपातला चहा हिंदकळला. "घाई नाही. पण खोटं सांगू नकोस."

बाकाखाली स्प्रिंगचा पाय उडायला लागला. काकांनी त्याला थांबवलं नाही.